कढई कुठली होती?

नमस्कार श्रोतेहो.

"कढई कुठली होती?" पक्ष्यांच्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा. माझ्या ओंजळीत रुमालात गुंडाळलेला बजरीगर होता, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट. निळा, मुठीतही सहज मावेल एवढा. चोच उघडी टाकून श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासागणिक त्याची शेपटी वर-खाली होत होती. मी सांगतेय, सकाळी राळे खाल्ले, पाणी प्यायला, शीळही घातली. आणि डॉक्टर विचारतायत कढईचं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. चिवड्याचे पातळ पोहे भाजायला मी नॉनस्टिक कढई मोठ्या आचेवर ठेवली. पोह्यांचा डबा वरच्या फळीवर, म्हणून स्टूल आणायला गेले, तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीच्या वर्गणीवाल्यांशी बोलण्यात पाचसात मिनिटं गेली. परत आले तर ना धूर, ना करपल्याचा वास. पोहे टाकले, छान कुरकुरीत भाजले. अर्ध्या तासाने हॉलमध्ये डोकावले, तर जोडीतली पिवळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली. निळ्याने दवाखाना गाठला, पण दुपार काही पाहिली नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू घेताना मी आधी तिच्या आतल्या थराची चौकशी करते. आज त्याबद्दलच बोलायचंय. घरात बजरीगर, लव्हबर्ड, कॉकाटील, फिंच असं कोणी असेल तर जरा कान देऊन ऐका. आपला हिरवा, गळ्यात लाल कंठ असलेला पोपट मी यात धरत नाही. तो पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याची मनाई आहे, हे जाता जाता.

आधी पक्ष्याच्या छातीत काय चालतं ते सांगते. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो. पक्ष्याचं तसं नाही. त्याच्या फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक जातींत नऊ, आणि त्या लोहाराच्या भात्यासारखं काम करतात. फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे श्वास सोडतानाही तिथे ताजी हवा खेळते. उडणाऱ्या जिवाला एवढा प्राणवायू लागतोच. पण हवेत विष असलं तर तेही त्याच तत्परतेने रक्तात उतरतं. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत, ते याचमुळे. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, आणि यंत्रं येऊन त्या पक्ष्यांची सुटका व्हायला 1986 साल उजाडलं. खाणकामगाराला काही कळायच्या आत कॅनरी दांडीवरून खाली पडायची.

आता नॉनस्टिकचा थर. तो बहुतेक वेळा पीटीएफईचा असतो, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो तो. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट फ्रीजमधल्या वायूवर काम करत होते, तेव्हा नळकांड्यात अनपेक्षितपणे ही पांढरी पूड सापडली. पदार्थ गुणी आहे, एरवी कशालाच दाद देत नाही. पण साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे तो बिघडू लागतो, आणि 350 च्या वर गेलं की झपाट्याने. त्यातून निघणारे वायू आणि बारीक कण पक्ष्याच्या फुफ्फुसांना सूज आणतात, आत रक्तस्राव होतो. माणसालाही थंडीताप भरल्यासारखं होतं, पण एकदोन दिवसांत उतरतं. 1975 साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात अशीच एक हकीकत छापून आली होती: तवा चुकून जास्त तापला, अर्ध्या तासात पाच कॉकाटील गेले, आणि मालकालाही ताप भरला. म्हणजे ही गोष्ट पन्नास वर्षं माहीत आहे. माझ्या कढईच्या खोक्यावर मात्र त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आमटी उकळतेय तोवर घाबरण्याचं कारण नाही, पाणी शंभराच्या पुढे जाऊ देत नाही. तेल असलं तर रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण 230 अंशांना धूर सोडतं, म्हणजे इशारा तरी मिळतो. रिकामी कढई मात्र मुकाट्याने तापत राहते. आणि आपल्या मराठी स्वयंपाकात कोरडं भाजणं किती! रवा भाजा, शेंगदाणे भाजा, सुकं खोबरं, तीळ, चकलीच्या भाजणीची धान्यं. भाकरीचा तवा आधी सणसणीत तापलाच पाहिजे. आप्पेपात्र तर पीठ घालण्याआधी रिकामंच गॅसवर चढतं. नॉनस्टिकला जे अजिबात चालत नाही, ते आपण रोज हौसेने करतो.

मग घ्यायचं काय? भाजायला बिडाचा तवा आणि लोखंडी कढई. आप्पेपात्रही बिडाचं मिळतं. सुरुवातीला तेल लावून, तापवून, पुसून ते मुरवावं लागतं, पहिले दोन घाणे चिकटतात आणि सासूबाई हसतात, पण महिन्याभरात आप्पे चमच्याच्या टोकाने सुटून येतात. स्टीलही उत्तम. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणून जे काळसर ॲल्युमिनियम येतं ते स्वतः निर्धोक, पण पुष्कळदा त्याच्या आतून नॉनस्टिकचा वेगळा थर दिलेला असतो. तेव्हा दुकानात भांडं आतून नीट पाहा, बाहेरच्या रंगावर जाऊ नका.

दुकानात आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, हे पीएफओए-फ्री आहे, एकदम सेफ." पीएफओए हे थर बनवताना वापरलं जाणारं रसायन. ते काढलं हे चांगलंच झालं, पण पीटीएफईचा थर तिथेच असतो आणि पक्ष्याचा जीव घेतो तो थर. म्हणून सरळ विचारा, "यात पीटीएफई आहे का?" ग्रॅनाइट, स्टोन, मार्बल अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या भांड्यांतही बरेचदा तेच असतं, दगड फक्त नावात आणि ठिपक्यांत. खऱ्या सिरॅमिक थरात पीटीएफई नसतं. तो लवकर झिजतो एवढंच.

विजेच्या उपकरणांत गोष्ट जरा लपलेली असते. सँडविच मेकर आणि रोटीमेकरच्या पाट्या बहुतेक नॉनस्टिकच असतात, आणि रिकाम्या तापवूनच वापरायच्या असतात. माझ्या घरातून त्या गेल्या. ब्रेड आता बिडाच्या तव्यावर भाजते. एअर फ्रायरचं भांडं आणि जाळीही तशीच. त्यावर 200 अंशांचा आकडा असतो हे खरं, पण तो आतल्या हवेचा. तापणारी कॉइल त्याहून कितीतरी गरम असते आणि थर तिच्यापासून वीतभर अंतरावर. मी तो धोका घेत नाही. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्याचे एअर फ्रायर मिळतात, शोधावे लागतात इतकंच. राइस कुकरमध्ये पाणी असेपर्यंत फारसं भय नाही, तरी नवा घेत असाल तर स्टीलच्या भांड्याचा घ्या. इंडक्शनची काच बिचारी निरुपद्रवी. पण तिच्यावर रिकामा नॉनस्टिक तवा गॅसपेक्षाही लवकर तापतो. स्वयंपाकघराबाहेर इस्त्रीचा तळ आणि खोली गरम करायचा हीटरही तपासा. आणि नवा ओव्हन कुठलाही असो, पहिल्यांदा तापवताना त्यावरचं कारखान्यातलं तेल जळतं. ते काम गॅलरीत करा, पक्षी दुसऱ्या टोकाला ठेवून.

तेवढ्याने सुटलो असं मात्र नाही. लोखंडी कढईतही तेल जळू दिलं की धूर होतोच, आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो तर त्यांना काय होत असेल! चिमणी घेणार असाल तर पाइप बाहेर काढलेली घ्या. बिनपाइपची चिमणी हवा गाळून परत घरातच सोडते. पिंजरा स्वयंपाकघरात नको, त्याच्या दाराशीही नको. आमचा हॉल बारा पावलांवर होता, तरी पुरला नाही. वन बीएचकेमध्ये लांब ठेवणार तरी कुठे, हा प्रश्न मला कळतो. म्हणून तर भांडीच बदलायची.

कधी पक्षी चोच उघडून धापा टाकताना दिसला, दांडीवर डुलायला लागला, तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, गॅस बंद करा, खिडक्या उघडा आणि डॉक्टर गाठा. या विषावर उतारा नाही. प्राणवायू आणि सूज उतरवणारी औषधं वेळेत मिळाली तर काही जगतात.

सध्या आमच्याकडे एक कॉकाटील आहे, राखाडी, गालावर केशरी टिकली. कुकर आमचा जुनाच, साध्या ॲल्युमिनियमचा, आत कसलाही थर नाही. पण त्या कुकरची शिट्टी या पठ्ठ्याने इतकी हुबेहूब उचललीय की परवा मी तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. झाकण उघडलं तर डाळ कच्ची. खरी शिट्टी त्यात एकच होती.

नमस्कार.