शिवेपार गेलेला चेंडू

नमस्कार श्रोतेहो. आज आपण जाऊ आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी परगण्यात. तिथल्या डिंगल द्वीपकल्पावर पूर्वी एक खेळ रंगायचा, ‘काद’. चेंडूलाही काद, खेळालाही काद. वरून जनावराचं कातडं आणि आत फुगवलेलं मूत्राशय, असा तो चेंडू. फेरिस नावाच्या पाद्र्यांनी हा खेळ लिहून ठेवला, म्हणून आपल्याला कळला.

त्याच्या तऱ्हा दोन. एक मैदानातली, तिथे दोन झाडांच्या फांद्यांची कमान करून तिच्यातून चेंडू घालवायचा. दुसरी माझी लाडकी. ती नीट ऐका.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली, की शेजारशेजारची दोन गावं समोरासमोर उभी. मैदान कुठलं? दोन गावांमधलं अख्खं रान! चेंडू हाती लागला की काखेत मारून पळत सुटायचं. समोरच्यानं कंबरेला मिठी घालायची, कुस्तीचा डाव टाकून लोळवायचं. सगळं मान्य. बांध आला, चढा. ओढा आला, उतरा. दगडी गडग्यावरून उडी, पुढे चिखल, चिखलात पुन्हा झोंबाझोंबी. ऊन कलायचं तरी खेळ चालूच, कारण वेळ मोजायला कुणी नाही, दिवस मावळेपर्यंत रविवार आपलाच. आणि जिंकायचं कोण? चेंडू शिवेपार नेईल तो. पुन्हा सांगतो, शिवेपार! गावाची शीव हाच गोल.

शीव म्हटलं की आपली गावं आठवतात. शिवेवर आपण नारळ फोडतो, आणि गावातलं खेळाचं मैदान मात्र मांडवाला, गाड्या लावायला देऊन टाकतो. पोरांनी खेळायचं कुठे? मला हे फार लागतं. असो.

पुढे 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्स इथे मायकल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन वगैरे मंडळी एका हॉटेलात जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे आयर्लंडच्या मातीतले खेळ सांभाळणारी संघटना, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी गेलिक फुटबॉलचे, म्हणजे आयर्लंडच्या स्वतःच्या, हातानं आणि पायानं खेळायच्या फुटबॉलचे, नियम छापून आले. रानातला खेळ आखलेल्या मैदानात आला, आज एका बाजूला 15 खेळाडू असतात. पण क्लब अजून बहुतेक गावागावाचेच, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले, आणि खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर 80,000 माणसांपुढे अंतिम सामना खेळलेला गडी सोमवारी आपल्या कामावर जातो. आणि केरीत काही जण या फुटबॉलला अजून ‘काद’च म्हणतात.