मैत्रिणीसोबत घर भाड्याने घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

जून-जुलै उजाडला की सोलापुरात नवे चेहरे दिसायला लागतात. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, तिकडून धाराशिव, विजयपूर, सगळीकडून मुलं-मुली येतात. कुणाला केगावच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, कुणाला अशोक चौकाजवळच्या इंजिनिअरिंगला, कुणी दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली असते. पहिलं वर्ष हॉस्टेलवर नाहीतर कॉट बेसिसवर निघतं. मग एक दिवस दोघी ठरवतात, आपण मिळून फ्लॅट घेऊ या. आज मला अशा दोघींशी बोलायचं आहे. मुलांनीही ऐकावं, त्यांच्याही बाबतीत गोष्टी त्याच आहेत.

घर शोधताना आपलं सगळं लक्ष भाड्याकडे, डिपॉझिटकडे आणि मालकाच्या स्वभावाकडे असतं. बरोबर राहणाऱ्या मैत्रिणीशी मात्र नीट बोलणं होत नाही. "आपली इतकी वर्षांची ओळख, त्यात काय बोलायचं?" असं वाटतं. जिवाभावाच्या मैत्रिणी लाइट बिलावरून बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं आहे. म्हणून माझं सांगणं असं की पहिला फ्लॅट बघायला जायच्या आधी दोघींनी एक संध्याकाळ काढा. कंबर तलावाकाठी बसा, नाहीतर पार्क चौकात चहा घ्या, पण पैशांचं उघड बोला.

उघड म्हणजे किती? एकीच्या घरी उसाचं बिल निघालं की पैसे येतात आणि दुसरीचा पगार एक तारखेला होतो, तर दर महिन्याच्या पाच तारखेला मालकाच्या हातात भाडं कोण ठेवणार? घरून पैसे यायला उशीर झाला तर दुसरीने किती दिवस सांभाळून घ्यायचं? एकीची रात्रपाळी असेल तर सकाळी मिक्सर किती वाजता लावायचा? घरी कोण येणार, कोण मुक्काम करणार? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: आपल्यापैकी एकीला पुण्यात नोकरी लागली, किंवा लग्न ठरलं, तर दुसरीचं काय? सोलापूरच्या मुलामुलींच्या बाबतीत हे घडतंच. हा प्रश्न आधी विचारणाऱ्या मैत्रिणीचा राग धरू नका. ती पुढचा विचार करते आहे.

कुठल्या भागात घर घ्यायचं, यावर मी फार बोलत नाही. विद्यापीठात जायचं असेल तर पुणे नाका, बाळे हा पट्टा बरा. जुळे सोलापूर, आसरा, सैफुल, विजापूर रोडकडे नव्या इमारती जास्त आहेत. रोज जिथे जायचं तिथली सिटी बस किंवा शेअर रिक्षा घराजवळून मिळते का, हे स्वतः एकदा जाऊन बघा.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगते. आपल्या शहराचं मुख्य पाणी उजनी धरणाचं. इतक्या लांबून ते येतं, आणि गेली कित्येक वर्षं घरातला नळ रोज वाहत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी पाच. बाहेरगावहून आलेल्या मुलीला हे ठाऊक नसतं. म्हणून मालकाला नुसतं "पाणी येतं का?" असं विचारू नका. "येतंय की ओ, पाण्याचं काही टेन्शनच नाही," हेच उत्तर मिळेल. किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं, किती वेळ राहतं, हौद किती लिटरचा, त्यावर घरं किती, मोटर कोण लावतं, असं विचारा. बोअर असेल तर मे महिन्यात त्याला पाणी टिकतं का, हेही विचारा. मग शेजारच्या घराची बेल वाजवा आणि हेच प्रश्न तिथल्या काकूंना विचारा. जिन्यात, दारापाशी पिंपं ओळीने मांडून ठेवलेली दिसली तर काय ते समजून घ्या.

हिशेब साधा आहे. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. दोघींचे झाले २७० आणि पाच दिवसांचे १,३५० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी चार घरांत वाटलेली असेल तर तुमच्या वाट्याला २५० लिटर येतात, म्हणजे दोघींचा एक दिवसही पुरता निघत नाही. बाकीची भिस्त हौदावर. हौद लहान असेल तर टँकर, आणि टँकरचे पैसे कुणी द्यायचे हा वाद. नळ पहाटे येत असेल तर उठायच्या पाळ्या ठरवा. दर वेळी एकीनेच उठायचं आणि दुसरीने आयत्या भरलेल्या पिंपाचं पाणी वापरायचं, यातून जो कडवटपणा येतो तो भाड्याच्या भांडणापेक्षा वाईट असतो.

उन्हाळ्याचंही तेच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त असतो, तो उगाच नाही. असा फ्लॅट दुपारी चारला बघायला जा आणि पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावा. भिंत पोळत असेल तर रात्री बारापर्यंत ती खोली निवत नाही. कूलर घेऊ म्हणाल, पण कूलरही पाणी पितो, आणि पाण्याची गोष्ट आत्ताच सांगितली.

विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, तेही बघा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १०० युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे ३०० पर्यंत बराच जास्त, मग आणखी वर. मालक आणि तुम्ही एकाच मीटरवर असाल तर तुमचे थोडके युनिटही महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. सबमीटर असेल तर युनिटमागे किती रुपये घेणार, ते आधीच लिहून घ्या.

आता कराराकडे येते. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी केली की झालं," हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला द्यायचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे; ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगा. नोंदणीत त्याचाही फायदा आहे, कारण मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर याच कायद्याने भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागायचा त्याला हक्क मिळतो.

खर्चही थोडाच. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरलं, तर अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. ते तीनशे रुपयांच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. आधार कार्ड आणि अंगठ्यावर ऑनलाइन नोंदणी होते, करून देणारे घरी येतात, त्यांची फी वेगळी. एजंटमार्फत घर घेतलं तर एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागायची पद्धत आहे. ती रक्कम घर बघण्याआधीच बोलून घ्या.

आणि करारात दोघींची नावं घाला. "एकीचंच नाव टाकू, सोपं पडेल," असं मालक म्हणाले तरी नको. जिचं नाव नाही तिला त्या घरात राहायचा स्वतःचा हक्क नाही. जिचं आहे तिच्या डोक्यावर सगळं भाडं, सगळी मोडतोड. डिपॉझिट कुणी किती भरलं ते करारात लिहा आणि रक्कम दोघींनी आपापल्या बँक खात्यातून पाठवा. एक जण मध्येच गेली तर तिच्या जागी तिसरीला परस्पर आणता येत नाही, मालकाची संमती आणि नवा करार लागतो. जाणारीने किती दिवस आधी सांगायचं आणि नवी मैत्रीण मिळेपर्यंत तिचा वाटा कोण भरणार, हे तुम्ही दोघींनी साध्या कागदावर लिहून खाली सह्या करा. पोलिसांना द्यायच्या भाडेकरूच्या माहितीतही दोघींची नावं जायला हवीत.

एक गोष्ट मनाला लागते ती बोलून टाकते. "फक्त फॅमिलीलाच देणार," "आडनाव काय?", "नॉनव्हेज खाता का?" हे प्रश्न मुलींना आजही ऐकावे लागतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या आपल्या शहरात आडनावावरून दार बंद व्हावं, हे मला पटत नाही. घरमालक श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ओळखपत्र बघा, कॉलेजात नाहीतर कामाच्या ठिकाणी चौकशी करा, करार पक्का करा, आणि मुलींना घर द्या. मुलींनो, तुम्हीही येण्याजाण्याच्या वेळा, पाहुणे, स्वयंपाक यांबद्दल खरं तेच सांगा. खोटं सांगून मिळवलेल्या घरात रोज दबकून राहावं लागतं.

चावी हातात आली की सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढा. मीटरचं रीडिंग, बेसिनची चीर, भिंतीवरची ओल, पंखे किती, गिझर चालतो का, सगळं टिपा. ते फोटो त्याच दिवशी मालकांनाही पाठवा. घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे, दुरुस्तीचे पैसे कापायची वेळ येते, तेव्हा हेच फोटो दोघींच्या कामी येतात.

नमस्कार.