पहिलं गिऱ्हाईक चाटी गल्लीत

मघाशी एका मुलानं विचारलं, "सर, लिंक दाबली की ब्राउझरमधूनच कॉल लागतो. ॲप नको, नंबर नको. मग विकायला काय अवघड आहे?" फार अवघड आहे, मित्रांनो. समोरचा पहिल्याच वाक्याला म्हणतो, "व्हॉट्सॲप हाय की ओ!" आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. त्यांचं काम व्हॉट्सॲपवर भागतं. अशा माणसाशी वाद घालू नका, नमस्कार करून निघा.

तंत्राचा अभिमान इथं कामाला येत नाही. ब्राउझरमधून थेट कॉल ज्या तंत्रावर चालतो, ते वेबआरटीसी गुगलनं २०११ साली खुलं केलं, २०१७ मध्ये ते ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्येही आलं आणि जानेवारी २०२१ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं त्याला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. म्हणजे ते कुणालाही वापरता येतं. मला हे उशिरा कळलं. सुरुवातीला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी दारोदार डेमो दिले. आवाज स्वच्छ यायचा, शेठ "छान आहे" म्हणायचे, चहा पाजायचे. पुढं काहीच नाही.

मग डेमो बंद केला आणि सोलापुरातल्याच चाटी गल्लीत एका चादर-टॉवेलच्या दुकानात दिवसभर नुसता बसून राहिलो. वहीत तीन रकाने आखले: वाजला, उचलला, राहिला. मालकांचा मोबाईल गल्ल्यावर वाजतोय आणि त्यांचे दोन्ही हात चादरीची घडी उलगडण्यात गुंतलेले. संध्याकाळी 'राहिला'चा रकाना 'उचलला'पेक्षा लांब भरला. पण खरी गोष्ट रकान्यांत बसणारी नव्हती. विजापूरकडचा व्यापारी कन्नडमध्ये बोलायला लागला, की घरी तेलुगू आणि दुकानात मराठी बोलणारे मालक फोन हातात घेऊन मागच्या गोदामात जायचे, कन्नड येणाऱ्या मुलाला शोधायला. तोवर पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा.

त्या दुकानासाठी आम्ही एक पान केलं. त्यावर तीन बटणं: मराठी, कन्नड, तेलुगू. ज्या भाषेचं बटण दाबाल, ती येणाऱ्या माणसाकडं कॉल जातो. तो जेवायला गेला असेल तर दुसऱ्याकडं. मालाच्या फोटोंखाली ही लिंक दिली आणि बिलावर क्यूआर छापला. पैसे देताना मालक म्हणाले, "माणूस सोडून गेला की त्याच्या मोबाईलबरोबर गिऱ्हाईकं पण जायची. आता ती दुकानाची राहतील." हे मला कधी सुचलंच नव्हतं. आमचा माल नेमका काय आहे, ते त्यांनी मला सांगितलं.

आमच्या चुकाही त्याच दुकानात कळल्या. मायक्रोफोनची परवानगी मागणारी चौकट आली, की लोक घाबरून 'नाही' दाबायचे आणि कॉल तिथंच मरायचा. आता त्याआधी आम्ही त्यांच्याच भाषेत सांगतो: "पुढं एक चौकट येईल, बोलण्यासाठी 'अनुमती द्या' दाबा." लिंक दुसऱ्या एखाद्या ॲपच्या आत उघडली तर काही फोनवर माईकच मिळत नाही, तिथं 'ब्राउझरमध्ये उघडा' असं लिहावं लागतं. शिवाय काही नेटवर्कवर दोन फोन थेट जोडले जात नाहीत. तेव्हा आवाज आपल्या सर्व्हरवरून फिरवावा लागतो आणि त्याचा खर्च आपल्या अंगावर येतो. म्हणून 'अमर्याद कॉल' कबूल करू नका. आम्ही कॉल घेणाऱ्या माणसामागं महिन्याचे पैसे घेतो.

डाळिंबाच्या शेतकऱ्याला मी हे विकायला जाणार नाही. व्यापाऱ्याचा नंबर त्याला पाठ असतो. युनिफॉर्मवाल्यांकडं मात्र जूनच्या बऱ्याच आधी जा. शाळांच्या ऑर्डरींची घाई सुरू झाली की त्यांना मान वर करायला वेळ नसतो. अक्कलकोटचे लॉज बघा, कर्नाटकातून पेशंट येतात ते दवाखाने बघा. अनोळखी माणूस फोन करतो आणि उचलणारे चार जण असतात, तिथं आपलं काम आहे.

येत्या सोमवारी एका दवाखान्याच्या रिसेप्शनजवळ बसायची परवानगी मिळाली आहे. माझ्याबरोबर दोघांना येता येईल. लॅपटॉप नको, वही आणि पेन आणा.