ते मूल वर्गात आहे असे धरूनच शिकवा

(सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

एचआयव्ही प्रतिबंधाचा पाठ कसा घ्यावा याचे प्रशिक्षण आपल्याकडे बहुधा विषाणूच्या आकृतीपासून सुरू होते आणि प्रसाराचे चार मार्ग फळ्यावर लिहून संपते. मला आज वेगळ्या ठिकाणापासून सुरुवात करायची आहे. ज्या वर्गासमोर तुम्ही हा पाठ घेणार आहात, त्या वर्गात एचआयव्ही असलेले, रोज गोळी घेणारे एखादे मूल बसलेले आहे, किंवा ज्याची आई अथवा वडील या आजाराने गेले असे मूल बसलेले आहे, असे धरूनच पाठाची तयारी करा, असे माझे सांगणे आहे. पुढे मी जे काही बोलणार आहे ते सारे या एका गोष्टीतून निघते.

यामागे केवळ सहानुभूती नाही, या भागाचा इतिहासही आहे. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बेळगाव, बागलकोट, विजापूर हे जिल्हे देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत गणले जाऊ लागले. २००३ च्या सुमारास शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील सर्वसाधारण प्रौढांमध्ये झालेल्या पाहणीत सुमारे ३ टक्के लोक बाधित आढळले होते. आज देशातील प्रौढांचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, हे शेजारी ठेवले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. ज्या घरांना तेव्हा झळ बसली त्या घरांची मुले-नातवंडे आज आपल्या शाळांत आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी औषधे, म्हणजे विषाणूला आवर घालणाऱ्या गोळ्या, मोफत द्यायला सुरुवात केली, आणि जी बाळे पूर्वी पाच-सात वर्षांची होईपर्यंत जगत नसत ती हायस्कुलात पोहोचू लागली. बाधित आईला उपचार मिळाले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते आणि वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. त्यामुळे जन्मतः बाधित असलेल्या मुलांची संख्या आता घटली आहे, पण ती शून्य झालेली नाही. तुमच्या शाळेत असे मूल आहे की नाही हे तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. माहीत करून घेण्याचा प्रयत्नही करू नका.

आता भीतीच्या पाठाचा विचार करू. हाडांचा सापळा, कवटी, ‘एड्स म्हणजे मरण’ अशा भित्तिपत्रकांनी भरलेला वर्ग आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थी म्हणून पाहिला असेल. भीतीने मुले सावध होतील या समजुतीतून ते केले गेले. पण बाधित मुलाच्या बाकावर बसून तोच पाठ ऐकून पाहा. पुष्कळ घरांत मुलाला आजाराचे नाव सांगितलेले नसते. रोजची गोळी ताकदीची आहे, छातीच्या जुन्या दुखण्याची आहे, असे आजी किंवा मावशी सांगत असते. तेरा-चौदा वर्षांचे ते मूल दर महिन्याला जिल्हा रुग्णालयातील केंद्रात जाते, तिथल्या भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचते, आणि एक दिवस वर्गात तुमच्या तोंडून तीच अक्षरे ऐकते. आपल्याला काय झाले आहे हे त्याला त्या क्षणी, चाळीस मुलांच्या मध्ये बसून, कळण्याची शक्यता असते. त्याच पाठात ‘यावर उपाय नाही’ असे वाक्य आले, तर ते मूल दुसऱ्या दिवशी गोळी कशासाठी घेईल? औषध मध्येच सोडले की विषाणूंची संख्या वाढते आणि काही औषधे पुढे लागूही पडत नाहीत. म्हणजे प्रतिबंधासाठी घेतलेल्या पाठानेच एका मुलाचा उपचार तुटू शकतो.

म्हणून प्रसाराचे मार्ग सांगाल त्याच तासात उपचाराविषयीही सांगा, तो भाग पुढच्या तासावर ढकलू नका. रोज गोळी घेणारी व्यक्ती शिकते, नोकरी करते, लग्न करते, निरोगी बाळाला जन्म देऊ शकते. उपचाराने रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली आले आणि तसेच टिकले तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे शेवटचे वाक्य पुष्कळ शिक्षकांना धाडसाचे वाटते आणि मुले बेफिकीर होतील अशी शंका ते काढतात. माझे मत वेगळे आहे. चाचणी करून घ्यायला आणि उपचार टिकवायला माणसाला कारण देणारे याहून महत्त्वाचे वाक्य या विषयात दुसरे नाही.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. सौंदत्तीची यल्लम्मा, देवदासी, पुणे-बंगळूर महामार्गावरचे ट्रकचालक, ऊसतोडीला किंवा गोव्याला कामासाठी जाणारी माणसे, यांची नावे या आजाराशी इतकी जोडली गेली आहेत की शिक्षक नकळत उदाहरण म्हणून तीच घेतात. त्याच घरांतील मुले तुमच्यासमोर बसलेली असतात. संसर्ग ठरावीक मार्गांनीच होतो, जातीतून, व्यवसायातून किंवा देवाच्या नावातून होत नाही, हे स्पष्टपणे सांगा. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, निपाणी-गडहिंग्लज परिसरात तिच्या निर्मूलनासाठी चळवळ उभी राहिली, हा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की उत्तर कर्नाटकात संसर्ग आटोक्यात आणण्याच्या कामात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच एकमेकींना माहिती देण्याचे, निरोध पोहोचवण्याचे आणि तपासणीला घेऊन जाण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ज्यांना आपण रोगाचे मूळ म्हणून दाखवतो, त्यांनी प्रतिबंधाचे काम आपल्या शाळांच्या कितीतरी आधी सुरू केले होते.

वर्गातील बोलण्याइतकेच वर्गाबाहेरचे वागणेही मुले पाहत असतात. मैदानावर खो-खो खेळताना गुडघा फुटला, रक्त आले, तर हातमोजे घालून जखम धुवा आणि पट्टी बांधा. मात्र हे प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक वेळी करा. एकाच मुलासाठी हातमोजे घातलेत तर न बोलता तुम्ही त्याची स्थिती साऱ्या शाळेला सांगितली असे होईल. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतील दुपारच्या जेवणाच्या पंगतीतही हेच. एकाच भांड्यातले वाढून घेतल्याने, शेजारी बसल्याने, एका नळाचे पाणी प्यायल्याने एचआयव्ही पसरत नाही हे फळ्यावर लिहिणारा शिक्षक एखाद्या मुलाला पंगतीच्या टोकाला बसवत असेल, तर मुले फळ्यावरचे विसरतात आणि पंगतीतले लक्षात ठेवतात.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नव्या शिक्षकाला तो मुळातून माहीत असला पाहिजे. प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणी मागता येत नाही, बाधित मुलाला प्रवेश नाकारता किंवा वेगळे बसवता येत नाही, आणि कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. या कायद्यातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. आई-वडील या आजाराने गेलेले किंवा अंथरुणाला खिळलेले असतील, तर बारा वर्षांवरील समजदार भावंड आपल्या धाकट्या भावंडाच्या शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून उभे राहू शकते. पहिलीच्या प्रवेशाला चौदा वर्षांची मुलगी लहान भावाचा हात धरून आली, तर ‘घरातल्या मोठ्यांना घेऊन ये’ असे म्हणून तिला परत पाठवू नका.

गोपनीयतेचा हा धडा शिकल्यावर नव्या शिक्षकांचा एक गोंधळ हमखास होतो, आणि तो मला सविस्तर सोडवायचा आहे. तुम्ही वर्गात प्रश्नपेटी ठेवाल, आणि ती ठेवलीच पाहिजे; तिच्यात निनावी चिठ्ठ्या येतील. बहुतेक चिठ्ठ्या सरळ असतील. डास चावल्याने होतो का? होत नाही, कारण डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही. केशकर्तनालयातल्या वस्तऱ्याने होतो का? धोका अतिशय कमी, तरी प्रत्येक वेळी नवे पाते मागावे. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत गोंदवून घेतले तर? तिथे उत्तर थोडे लांब द्या: एकच सुई अनेकांना वापरली जात असेल तर एचआयव्हीचा आणि त्याहूनही अधिक कावीळ ब व क यांचा धोका असतो, म्हणून नवी सुई डोळ्यांसमोर उघडली जात नसेल तर गोंदवून घेऊ नये. निरोध म्हणजे काय, असा प्रश्न येईलच; तो योग्य रीतीने वापरला तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गापासून आणि नको असलेल्या गर्भधारणेपासून संरक्षण देतो, हे दोन वाक्यांत, आवाज न बदलता सांगावे. दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादनाच्या धड्यात हा विषय आहेच. ‘हा धडा घरी वाचून या’ असे सांगून तो ओलांडला जातो, तेवढे तुम्ही करू नका.

पण एखादी चिठ्ठी वेगळी असेल. ‘ओळखीच्या माणसाने जबरदस्ती केली तर हा रोग होतो का?’ असा प्रश्न जेव्हा येतो, तेव्हा तो माहितीचा प्रश्न नसण्याची शक्यता मोठी आहे. एखाद्या मुलाचे लैंगिक शोषण झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलाची एचआयव्ही स्थिती कोणालाही सांगायची नाही, आणि मुलावर अत्याचार होत असेल तर गप्प बसायचे नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने शिक्षक चुकीच्या ठिकाणी बोलतात आणि चुकीच्या ठिकाणी मौन पाळतात. म्हणून ‘तू सांगितलेले मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नका. ‘तू सुरक्षित राहावास यासाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे तेवढ्यांनाच सांगेन’ असे म्हणा. येथे वेळेलाही महत्त्व आहे. अत्याचारानंतर संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावी लागतात व ती २८ दिवस घ्यावी लागतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठका घेण्यात एक दिवस गेला तर त्या ७२ तासांतला तिसरा हिस्सा गेला. मुलांसाठीचा १०९८ आणि एचआयव्हीविषयक माहितीसाठीचा १०९७ हे दोन्ही क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर कायम असू द्या, म्हणजे ते उतरवून घेताना कोणत्याही मुलाला कारण सांगावे लागणार नाही.

पालकांविषयी थोडक्यात. २००५ मध्ये देशपातळीवर, शाळांत हाच विषय शिकवणारा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आला, आणि २००७ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांसह अनेक राज्यांनी आक्षेपांमुळे तो थांबवला. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे शांतता पसरली. तुमच्यापैकी बहुतेकांचे हायस्कूल त्यानंतरच्या वर्षांत झाले, त्यामुळे जो पाठ तुम्हाला द्यायचा आहे तो तुम्ही स्वतः कधी ऐकलेलाच नाही, आणि तुमचा संकोच मला पूर्णपणे समजतो. त्या वेळच्या विरोधातून मी एवढे घेतो की पालकांना हा विषय परस्पर, मुलांच्या वहीतून कळता कामा नये. पाठाच्या आधी शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत तुम्ही काय सांगणार आहात ते जसेच्या तसे वाचून दाखवा. कामासाठी बाहेरगावी असलेल्या बापांपेक्षा बैठकीला आयाच अधिक येतात, आणि त्यांचे स्वतःचे प्रश्न असतात, त्यांनाही वेळ ठेवा. मुले-मुली यांना मूळ पाठ एकत्रच द्यावा असे माझे मत आहे. प्रश्नोत्तरांसाठी वेगळे बसवले तरी चालेल, परंतु दोन्ही गटांना उत्तरे तीच मिळाली पाहिजेत.

हे सारे ऐकून येत नाही, बोलून येते. म्हणून दुपारच्या सत्रात मी व्याख्यान देणार नाही. तुम्ही सहा-सहांचे गट कराल, प्रत्येकाने उभे राहून पाठाची पहिली दहा मिनिटे मोठ्याने घ्यायची आहेत, आणि गटातील एकाने बाधित मुलाच्या जागी बसून कोणते वाक्य टोचले ते टिपून ठेवायचे आहे. टोचलेले वाक्य बदलून तो भाग पुन्हा घ्यायचा. त्यानंतर चिठ्ठ्यांची उत्तरे, आणि शेवटी आपापल्या तालुक्यातील समुपदेशन व चाचणी केंद्राचा पत्ता आणि वेळ प्रत्येकाने वहीत लिहून घ्यायची आहे. खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरीहून आलेल्यांनी आपापल्या तालुक्याच्या गटात बसावे.