स्पॉकची खतावणी

[परभणी. लोखंडी कपाटाचं दार उघडतं. लाल कापडात बांधलेली लांब वही.]

वही हिशेबाची आहे. नाकाजवळ नेली तर अजून सरकीचा वास येतो. माझे मामा परभणीतल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. गाठी किती, सरकी किती, हमाली किती, सगळं आयुष्य त्यात गेलं. ही एक वही मात्र जिनिंगची नाही. हिच्यात एकाच माणसाचं खातं आहे. माणूस म्हणजे, अर्धा.

पहिल्या पानावर मामांच्या वळणदार अक्षरात मथळा आहे: 'श्री. स्पॉक, रा. व्हल्कन.'

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी 'स्टार ट्रेक' लागायचं, अंतराळातल्या एका जहाजाची गोष्ट. स्पॉक त्या जहाजावरचा अधिकारी, अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन नावाच्या परक्या ग्रहाचा. मालिका अमेरिकेत 1966 ते 1969 ची, आपल्याकडं पोचेपर्यंत शिळी झालेली. पण वाड्यात टीव्ही एकच, आणि त्यापुढं बसणाऱ्यांना सगळं ताजंच होतं. इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं ज्याचं त्यानं जुळवायचं. साहजिकच भांडणं. स्पॉकचं रक्त हिरवं की निळं? टीव्ही कृष्णधवल! पैज लागली चहाची. ती मामा जिंकले, रक्त हिरवं, त्यात लोहाऐवजी तांबं. पण जिंकल्याचा पुरावा हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी ही वही निघाली.

[वहीचे रकाने जवळून: तारीख, भाग, कोण बोललं, पाहिलं की ऐकलं.]

मामांचा नियम धंद्यातलाच. किर्दीत नाही ते खतावणीत येत नाही. रोज जे घडलं ते घडेल तसं किर्दीत चढतं, मग तिथून ज्याचं त्याच्या खात्यात. पडद्यावर घडलं ती किर्द. कादंबरीत लिहिलं, मासिकात छापलं, कुणाच्या मावसभावानं मुंबईला ऐकलं, तो सगळा बिनपावतीचा खर्च.

या नादातले लोक अशा मान्य गोष्टींना 'कॅनन' म्हणतात. शब्द मूळचा चर्चचा, मान्य धर्मग्रंथांच्या यादीसाठीचा. मामांना तो माझ्याकडून कळला. म्हणाले, "नाव काहीबी ठेवा. पावती दाखवा."

पण पावत्याच एकमेकींशी जुळेनात तेव्हा?

[पान तीन. एक ओळ खोडलेली.]

या पानावर प्रश्न आहे स्पॉकच्या आईचा. 22 सप्टेंबर 1966 ला अमेरिकेत दाखवलेल्या भागात स्पॉक म्हणतो, माझ्या एका पूर्वजानं मानव स्त्रीशी लग्न केलं होतं. पूर्वज! म्हणजे आजा, पणजा, कुणीतरी मागचा. आणि बरोबर एका आठवड्यानं, 29 सप्टेंबरला, तोच स्पॉक एका रोगाच्या अमलाखाली ढसाढसा रडतो. आई पृथ्वीवरची होती, जिथं भावना दाखवणं असभ्य समजतात अशा ग्रहावर राहिली, आणि तिच्यावर माझं प्रेम आहे हे मी तिला कधी सांगू शकलो नाही, म्हणतो.

आठवड्यात पूर्वजाची आई झाली.

चाहत्यांनी यातून वाट काढली आहे. आई हीसुद्धा पूर्वजच की, तर्काला धरून आहे, स्पॉक खोटं बोललाच नाही. मी हे मामांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "तू तुझ्या मायला पूर्वज म्हणतूस का?"

मामांनी साक्षीदार तपासला. पूर्वजाचं वाक्य ज्या भागात आहे तो 1965 च्या उन्हाळ्यात चित्रित झालेला नमुन्याचा भाग, नेहमीची मालिका सुरू व्हायच्या आधीचा. त्याच भागात कॅप्टन कर्कच्या नावानं एक थडगं उभं केलेलं दिसतं, त्यावर कोरलंय 'जेम्स आर. कर्क'. पुढं मालिकाभर तो 'जेम्स टी.' आहे. ज्या साक्षीदाराला कॅप्टनचं नाव धड ठाऊक नाही, त्याचं आईबद्दल काय धरायचं? शिवाय 17 नोव्हेंबर 1967 च्या भागात आई प्रत्यक्षच आली. नाव अमांडा. सोबत वडील, व्हल्कनचे राजदूत सारेक. बापलेक अठरा वर्षं बापलेकासारखे बोललेले नाहीत. हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग मामांनी 'पूर्वज' खोडलं. खोडलं म्हणजे एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी छोटी सही. हिशेबात खाडाखोड अशीच करतात. गिरवून काळं केलं की ऑडिटर विचारतो, खाली काय लपवलंस?

[पैठण. गोदावरीचा घाट. पहाट.]

मामा दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला जातात. म्हणून मजकूर शुद्ध करण्याची गोष्ट त्यांना परकी नाही. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर जवळजवळ तीनशे वर्षं हातानं नकला होत राहिल्या. पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या शिरल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला, एकनाथ महाराजांनी शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावलं: यापुढं कुणी यात स्वतःची ओवी घातली तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

कुठं ज्ञानेश्वरी आणि कुठं टोकदार कानांचा स्पॉक, हे मामांनाही कळतं. पण शब्द त्यांनी तिथूनच उचलला. वही उलटी फिरवली की मागच्या बाजूनं वेगळी यादी सुरू होते. मथळा: 'नरोट्या'. पहिली नरोटी: 'बीम मी अप, स्कॉटी', म्हणजे स्कॉटी, मला वर जहाजावर घे. सगळ्या जगाला पाठ असलेलं हे वाक्य, नेमक्या याच शब्दांत, त्या मालिकेत कर्क एकदाही म्हणत नाही.

स्पॉकचा हात, चार बोटांची मधून फट पाडलेला, तो नरोटी नाही. 15 सप्टेंबर 1967 च्या भागात तो पहिल्यांदा दिसला. स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयनं ती खूण लहानपणी बोस्टनच्या सिनेगॉगमध्ये पाहिली होती, ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादाची. पण ही माहिती स्पॉकच्या पानावर नाही. तिथं बारीक अक्षरात लिहिलंय, 'निमॉय यांचे खाती टाकणे.' नट वेगळा, पात्र वेगळं. भलेभले इथं घसरतात.

आणि पूर्ण नाव? 1967 च्या एका भागात एक बाई त्याला विचारते, तुझं दुसरं नाव काय? तो म्हणतो, तुला उच्चारता यायचं नाही. मामांनी नावाच्या रकान्यात तेच लिहून ठेवलं: 'उच्चारता येणार नाही.' तलाठ्याकडं चालेल का, माहीत नाही.

[वहीची शेवटची पानं. शाई बदललेली.]

राग मात्र भावंडांचा. 1989 च्या चित्रपटात स्पॉकला अचानक एक सावत्र भाऊ निघाला, सायबॉक. तोवर तेवीस वर्षं अवाक्षर नाही. 2017 मध्ये नव्या मालिकेत एक मानलेली बहीण आली, मायकेल बर्नहॅम, सारेक आणि अमांडानं वाढवलेली. मामांचा शेरा दोघांनाही एकच: 'मागील तारखेची नोंद.' ऑडिटरला सगळ्यात नावडती गोष्ट. तरी चढवली, कारण पडद्यावर आली ती आलीच. बहिणीच्या बाबतीत 2019 मध्ये पावतीही आली: तिच्याबद्दल आणि तिच्या जहाजाबद्दल पुन्हा बोलायचं नाही, बोललं तर राजद्रोह, असं ठरलं, आणि ही शिफारस खुद्द स्पॉकची. "हुशार हाय," मामा म्हणाले. स्पॉकला की लेखकाला, कळलं नाही.

एक नोंद अडलेली होती. स्पॉक हसतो का? मामांच्या वहीत ठाम लिहिलेलं: 'हसत नाही.' मालिकेचा अगदी पहिला नमुना 1964 च्या अखेरीस चित्रित झाला, वाहिनीनं तो नाकारला आणि अख्खा असा तो टीव्हीवर 1988 पर्यंत दाखवलाच नाही. त्यात थंड, भावनाशून्य अधिकारी स्पॉक नव्हताच. ती एक बाई होती, जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी. वाहिनीला ती नको होती. ती गेली, तिचा थंडपणा स्पॉकला मिळाला.

मी मोबाइलवर तो प्रसंग लावला. परका ग्रह, खडकात निळी पानं, थरथरून गाणारी. स्पॉक पान चिमटीत धरतो, सूर थांबतो, आणि तो हसतो. दात दिसतील इतका.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. याच चित्रीकरणाचे तुकडे 1966 च्या नोव्हेंबरमध्ये मालिकेत जोडलेले आहेत, तेरा वर्षांपूर्वीची हकिगत म्हणून. म्हणजे किर्दीत आहे.

मामांनी पट्टी घेतली, 'हसत नाही'वर एक रेघ मारली, सही केली. शेजारी लिहिलं: 'तरुणपणी हसला. कारण: झाड.'

मग वही बांधायला घेतली आणि आत वळून ओरडले, "चहा टाका गं दोन कप. पैज हरलो."