आधी त्याचा रिपोर्ट

(गुऱ्हाळ, पहाट)

कराडजवळचं हे गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या वर आलेली मळी काढतोय आणि खाली चुलवणाच्या तोंडाशी एकजण सतत चिपाडं सारतोय. त्याच्यापासून दहा हातांवर ठेवलेला कॅमेराही तापला होता.

आपण इथं आलोय ते या धगीसाठी. पुरुषाच्या वीर्यतपासणीची गोष्ट इथूनच सुरू होते. पुरुषाचे वृषण पोटात नसतात, बाहेर पिशवीत असतात. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, म्हणून ही सोय. थंडीत पिशवी आकसते, उन्हात सैल पडते. भट्टीपुढचं काम, मांडीवरचा लॅपटॉप, ट्रकच्या सीटवरची लांबची रात्र, यांनी त्यात अडथळा येऊ शकतो. येतोच असं मात्र नाही. असल्या चुलवणांपुढं लेकुरवाळी माणसंच पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली आहेत.

(लॅब, मॉनिटर)

आता हे शुक्राणू बघा. ४०० पट मोठं केलेलं दृश्य. डोकं साधारण ५ मायक्रॉनचं, त्यात बापाकडून येणारी २३ गुणसूत्रं. मागं ऊर्जा पुरवणारा छोटा भाग, मग शेपूट. १६७७ साली हॉलंडच्या डेल्फ्ट गावात लेवेनहुक या कापड व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या भिंगातून हे पाहिलं, तेव्हा तोही चक्रावला असणार. काही सरळ पळतात, काही जागच्या जागी गिरक्या घेतात, काही हलतच नाहीत. मोजताना तिघांचे हिशेब वेगळे.

(निवेदन थांबतं. फक्त मॉनिटर.)

चौकटी आखलेली काच आणि बोटाखाली टकटक करणारं काउंटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्याच्या मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले ४२ टक्के हलणारे, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. याच ओळीवर बोट ठेवून माणसं खचतात. आकडा याहून कमी आला तरी बाप होण्याचा रस्ता बंद झाला, असं नाही.

हा एक शुक्राणू घडायला ६४ ते ७४ दिवस लागतात. शाळूही त्यापेक्षा जास्त वेळ घेतो. वृषणातल्या बारीक नलिकांत त्याची घडण होते. तिथून तो सुमारे ६ मीटर लांबीच्या, गुंडाळी झालेल्या एकाच नळीतून पुढं सरकतो आणि त्या वाटेवर पोहायला शिकतो. त्यामुळं जानेवारीत सडकून ताप आला असेल, तर त्याची खूण मार्चच्या रिपोर्टात सापडू शकते. एकाच रिपोर्टावर निकाल देत नाहीत, ते यासाठी.

(टेबलावर एका जोडप्याच्या दोन फायली, नावं झाकलेली)

जाड फाईल तिची. सोनोग्राफी, हार्मोन, गर्भनळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी. त्याचा हा वीर्यतपासणीचा एक कागद, तोही सगळ्यात शेवटची तारीख असलेला. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण निघतं, एकटं किंवा तिच्या कारणाच्या जोडीनं. त्याच्या या तपासणीला ना सुई लागते, ना भूल. तरी सुरुवात तिच्यापासून. तोवर तिचं माहेरी जाणं, दुसऱ्या लग्नाची बोलणी, हेही होऊन जातं.

(कराड बसस्थानक)

नमुन्याआधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे. नमुना घरून आणायचा तर तासाच्या आत, अंगाच्या उबेत, खिशात ठेवून. पाटणच्या वरच्या वाड्यांतून इथवर यायलाच त्याहून जास्त वेळ जातो, म्हणून लॅबमध्येच वेगळी खोली असते. दाराला आतून कडी असावी, एवढं मात्र आधी विचारून घ्या.