उसाचं बिल जातं कुठं?

(दृश्य : वाळवा तालुका. तोडणी झालेलं रान, सरीत पडलेलं पाचट.)

कृष्णाकाठच्या या पट्ट्यात पैसा एक तारखेला येत नाही, बिलानं येतो. ऊस गेल्यावर कारखान्यानं १४ दिवसांत बिल द्यावं, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम. बिल जमा झालं की आधी गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं. वाटा फुटतात त्या इथंच. ‘माफी येईल’ म्हणणारा ऊस पाव्हण्याच्या नावावर घालून वसुली चुकवतो. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीनं ही आशा आणखी घट्ट केली. पण मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख सवलत योजनेत व्याज पडत नाही. थकलं की सवलत गेली, नवं कर्ज अडलं. मग खतासाठी खासगी सावकार. महिना ३ टक्के ऐकायला थोडं वाटतं. वर्षाचे ते ३६ होतात.

(दृश्य : सराफाचा काटा, जवळून.)

सोनं अडीनडीला गहाण पडतं, हा त्याचा खरा गुण. पण लाखाच्या सोन्याचा हार, घडणावळ १२ टक्के धरली तर १२,००० मजुरीचे, वर ३ टक्के जीएसटी. मोडताना यातलं काही परत येत नाही. साठवायचंच असेल तर वेढणं, म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं, बरं.

पैसा ‘फिरता’ हवा असणारे भिशी लावतात. वीस जण, दरमहा ५,०००, जमा एक लाख. नड असलेला लाखाऐवजी ८५,००० च घ्यायला तयार होतो आणि बोली तोडतो. सुटलेल्या १५,००० तले ७५० प्रत्येकाला. भिशी बुडते ती लवकर उचलणाऱ्यापायी: पैसे हातात आले की सातव्या-आठव्या महिन्यात हप्ता थांबतो, आणि लेखी काहीच नसतं.

बिल आणि लग्नसराई एकदमच येतात, म्हणून वाटणी पहिल्याच दिवशी करावी. घरखर्च महिना १५,००० असेल तर १,८०,००० वेगळ्या खात्यात. तिथून दर महिन्याला तेवढेच काढायचे. खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, खतं-मशागत बाजूला. उरलं ते ठेवीत. बँकेतली ठेव व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्यात असते, सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेला हा विमा नाही, अर्धा टक्का जास्त व्याज दिलं तरी. आणि पावतीवर वारसाचं नाव लागलंय का, ते काउंटरवरच बघून घ्यावं.